अकरा नावांची यादी

माझे वडील लग्नाच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचे. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, डोक्यावर तुऱ्याची टोपी आणि पायात स्लिपर. ड्रेस मालकाचा असे, त्यात बूट नसत. तुळशीचं लग्न झालं की अण्णांचा हंगाम सुरू व्हायचा आणि आषाढात संपायचा. पुढचे चार महिने मुहूर्त नाहीत. "देव झोपले की आपली चूलही झोपते," असं आई म्हणायची आणि स्वतःच हसायची. त्या चार महिन्यांत अण्णा बाजारपेठेच्या कोपऱ्यावर छत्र्या दुरुस्त करत बसत, आई एका खाणावळीत भाकऱ्या थापायला जाई. उरलेल्या भाकऱ्या घरी येत. न उरल्या तर चहात काय बुडवायचं हा प्रश्न असे.

मला वह्या कधी नव्हत्या. लग्नघरांतून उरलेल्या पत्रिका अण्णा घेऊन येत आणि आई त्या सुईदोऱ्यानं शिवून देई. पाचवीपर्यंतची सगळी गणितं मी कुणाच्या ना कुणाच्या शुभविवाहाच्या पाठीवर सोडवलेली आहेत. वर्गातल्या मुली मला 'पिपाणी' म्हणायच्या. पहिला नंबर आला तरी पिपाणीच.

सहावीत गावातल्या एका मंडळानं वह्यावाटप ठेवलं. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. मांडव असतो, मागे बॅनर असतो, खुर्च्यांवर पाहुणे असतात. 'गरीब व होतकरू विद्यार्थी' अशी यादी शाळेनं दिलेली असते. माईकवरून नाव पुकारतात, मूल वर जातं, पाहुणे वह्या हातात देतात पण सोडत नाहीत, दोघंही फोटोवाल्याकडे बघतात, मग सोडतात. त्या वर्षी मंडळानं बँडही सांगितला होता. प्रत्येक नावाला एक छोटी तान. ट्रंपेटवर अण्णा होते.

माझं नाव पुकारलं, वडिलांच्या नावासकट. ताशा वाजला, ट्रंपेट वाजला नाही. मला ते कळलं, पण मी थांबले नाही. मी पळत गेले. डझनभर वह्या, कोऱ्या, दोन्ही बाजूंनी कोऱ्या! पुढच्या नावाला ट्रंपेट परत सुरू झाला.

घरी जाताना अण्णांनी एवढंच विचारलं, "यादी कुणी दिली?"

"सरांनी."

"बरं."

त्या मंडळाची सुपारी, म्हणजे बँडचं बोलावणं, अण्णांनी पुन्हा घेतली नाही. का, ते मी विचारलं नाही. मला वह्या मिळाल्या होत्या.

पुढं मी इंजिनिअर झाले. आमच्या घरातली, आजोळ धरून, पहिली पदवीधर. हे मी कुठंही सांगते, कुणी विचारलं नाही तरी सांगते. पुण्यात नोकरी, मग सिंगापूर, आंग मो किओला भाड्याचा फ्लॅट, पाया लेबारला ऑफिस, हाताखाली सात माणसं. आणि ती वह्यावाटपाची गोष्ट मी पंचवीस वर्षं सांगत आले. मुलाखतीत सांगितली, ऑफिसच्या डिनरला सांगितली. लोकांचे डोळे भरून यायचे. मलाही बरं वाटायचं. गोष्टीत ट्रंपेट कधी नसायचा.

२०१७ साली आमच्या कंपनीनं फिजीतल्या एका लहान खेड्यातल्या शाळेला मदत करायचं ठरवलं. वादळात शाळेचं छप्पर उडालं होतं. पत्रे कंपनीनं आधीच पाठवले होते. आता चार जणांनी जायचं, शाळा रंगवायची आणि मुलांना शाळेचं सामान द्यायचं. मीटिंगमध्ये मी हात वर केला. "सामान कसं द्यायचं ते मला माहीत आहे," मी म्हणाले, "मी स्वतः घेतलेलं आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या आणि काम माझ्याकडे आलं.

मी ते मनापासून केलं, यात खोटं नाही. लिटिल इंडियात चोवीस तास उघडं असतं त्या मोठ्या दुकानातून वह्या घेतल्या, पेनं घेतली, पट्ट्या घेतल्या. वह्या सगळ्या मुलांना पुरतील एवढ्या. दप्तरं मात्र पंधराच, कारण विमानात वजनाची अडचण. मग दप्तरं कुणाला? याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. मी तिथल्या मास्तरांना मेल केला: गरीब व होतकरू अशा पंधरा मुलांची यादी पाठवा.

उत्तर आलं: "आमच्याकडे शेहेचाळीस मुलं आहेत. सगळी चांगली आहेत."

मी परत लिहिलं की चांगली सगळीच असतात, मला गरीब हवी आहेत. आठवडाभरानं उत्तर आलं: "तुम्ही या. इथं बसून बोलू." मला हसू आलं. आमच्याकडे यादीत नाव घालण्यासाठी लोक सरांच्या दारात उभे राहतात, आणि यांना यादी करता येत नाही! मग मी एक खोटी गोष्ट लिहिली. यादीशिवाय कंपनी सामान मंजूर करणार नाही, असं लिहिलं. कंपनीला यादीशी काही देणंघेणं नव्हतं. यादी मलाच हवी होती. यादी नसेल तर वह्यावाटप कसलं?

चार दिवसांनी यादी आली. अकरा नावं. मी नकाशात बोटभर दिसणाऱ्या बेटावरच्या मास्तरावर चिडले, की पंधरा मागितली तर अकराच दिली. माझी मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती. तिनं सुबक अक्षरात अकरा लेबलं लिहून दिली. बॅनर मी छापून घेतला.

विमानतळावरून गाव पाच तास. शेवटचे दोन तास कच्चा रस्ता. गाडीवाला तिथलाच, पण त्याचे पणजोबा हिंदुस्थानातून ऊस तोडायला आलेले. त्याची हिंदी आपल्या कानाला वेगळीच लागते, पण समजते. वाटेत त्यानं सगळं शिकवलं. गावात शिरताना टोपी काढा, गॉगल डोक्यावर ठेवू नका, खांद्यावरची पर्स हातात घ्या. तिथं कावा नावाच्या झुडपाची मुळं कुटून पेय करतात; ती मुळं त्यानं बाजारातून आमच्याकडून घ्यायला लावली होती, कागदात गुंडाळलेली, झाडूसारखी जुडी. ती गावच्या प्रमुखापुढं ठेवायची. मग मागं ठेवलेल्या दप्तरांकडं आरशातून बघत तो म्हणाला, "दीदी, ई सब सामान गाँव के बड़े आदमी के आगे रख देना. अपने हाथ से नहीं बाँटना."

"क्यूँ?"

"अइसने रीत है."

मी म्हटलं, "भैया, हमारे यहाँ भी रीत है."

तो आरशात बघून हसला आणि त्यानं गिअर बदलला.

गाव म्हणजे तीसेक घरं, मधे हिरवळ, एका टोकाला चर्च, एका टोकाला शाळा. मधोमध सभागृह. भिंती बांबूच्या चटयांच्या, खाली विणलेल्या चटया, खुर्ची एकही नाही. आम्ही मांडी घालून बसलो. माझ्या सिंगापुरी सहकाऱ्यांचे पाय दहा मिनिटांत मुंग्यांनी भरले, मी आरामात. कोण कुठं बसायचं ते तिथं ठरलेलं असतं. म्हातारी माणसं आत, तरुण दाराकडं, प्रत्येकाला आपली जागा आणि ती जागा त्याच्या बापाची. गावप्रमुखांनी मुळांची जुडी स्वीकारली, पोकळ हातांनी टाळ्या झाल्या, आणि नारळाच्या करवंटीतून कावा आला. गढूळ पाणी, चव मातीची, जीभ बधिर. एकच करवंटी सगळ्यांना. मी एका दमात संपवली. लोक खूश झाले.

जेवायला अळूचे उकडलेले कंद आणि अळूची पानं नारळाच्या दुधात शिजवलेली. मी मास्तरांना म्हटलं, "सर, हे आमच्याकडे लग्नात असतं." मी त्यांना 'सर'च म्हणायचे, त्याची त्यांना गंमत वाटायची. ते मला 'सिस्टर' म्हणायचे. पन्नाशीचे, कुरळे पांढरे केस, रंगीत शर्ट आणि खाली लुंगीसारखा स्कर्ट. ते म्हणाले, "सिस्टर, उद्या ती दप्तरं प्रमुखांच्या हातात दिली तर? ते वाटतील."

"सर, मुलांना स्टेजवर येऊन घेण्यात आनंद असतो. मी होते ना त्यांच्या जागी."

"तुम्ही होता," ते म्हणाले. मग हात पुसत, "बरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सभागृहात मी बॅनर बांधला. सगळं गाव बसलं होतं. मी दोन शब्द बोलले, मास्तरांनी त्यांच्या भाषेत सांगितले. त्यांचं भाषांतर माझ्या बोलण्यापेक्षा पुष्कळ आखूड होतं. मग मी यादी काढली आणि पहिलं नाव पुकारलं.

कुणी उठलं नाही.

मला वाटलं माझे उच्चार चुकले. परत पुकारलं. तेव्हा मुलांच्या घोळक्यातल्या एका मुलीनं, दहाएक वर्षांची असेल, मागं वळून दुसऱ्या खांबाजवळ बसलेल्या माणसाकडं पाहिलं. रुंद खांद्याचा, पिकलेल्या दाढीचा माणूस. त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही. बराच वेळ चटईकडं बघितलं आणि मग मान हलवली. मुलगी उठली. मोठ्या माणसांपुढून जाताना तिथं वाकून जातात, "तुलो, तुलो" असं पुटपुटत. माफ करा, माफ करा. ती तशी, जवळजवळ गुडघ्यांवर, सगळ्या गावापुढून माझ्यापर्यंत आली.

मी दप्तर पुढं केलं. तिनं हात लावला. मी सोडलं नाही, फोटो व्हायचा होता. आमच्या टीममधली चिनी मुलगी कॅमेरा घेऊन होती. ती म्हणाली, "फेस कॅनॉट सी, लाह. टेल हर लुक अप."

मी मुलीला म्हटलं, वर बघ. तिनं बघितलं नाही. मी तिच्या हनुवटीखाली बोट घातलं आणि तोंड वर केलं.

हे मी आता लिहितेय तेव्हाही माझं ते बोट मला नकोसं होतं. तिनं डोळे मिटून घेतले होते. फोटो निघाला.

दुसऱ्या खांबाजवळचा माणूस उठला. सभा चालू असताना तिथं कुणी उठत नाही. तो वाकलाही नाही. ताठ उभा राहिला आणि सगळ्यांच्या मधून चालत बाहेर गेला. सभागृहात कुणी त्याच्याकडं पाहिलं नाही. सगळे चटईची वीण बघत होते. आणि मी? मी दुसरं नाव पुकारलं. मग तिसरं. दहा नावं उरली होती, दहाच्या दहा पुकारली. एकाही मुलाची हनुवटी नंतर धरली नाही, एवढं खरं, पण थांबले नाही. कार्यक्रम अर्धा ठेवून कसं चालेल?

तासाभरानं आम्ही उतरलो होतो त्या घरी दोन बायका आल्या. त्यांनी एक नवी कोरी चटई अंथरली, कडेला रंगीत लोकरीची झालर. चटईवर अळूच्या कंदांची टोपली ठेवली. टोपलीवर ते दप्तर, लेबल तसंच. काही न बोलता गेल्या.

"गिफ्ट!" आमची कॅमेरेवाली म्हणाली. "सो नाइस!"

मी मास्तरांना बोलावलं. ते दारातच बसले.

"तुम्ही दिलंत ते त्यानं परत केलं," ते म्हणाले, "आणि वर आपल्याकडचं घातलं. आता तुमचं त्याच्यावर काही राहिलं नाही."

"कोण तो? वडील तिचे?"

"मामा. तिची आई शहरात हॉटेलात काम करते. मुलगी मामाकडं असते. सिस्टर, तुम्ही गरीब मुलं मागितलीत. मी आठवडाभर विचार केला. इथं प्रत्येकाला जमीन आहे, घर आहे, खायला आहे. कुणाचं नाव लिहू? शेवटी जी मुलं आईबापाजवळ राहत नाहीत ती लिहिली. कुणी मामाकडं, कुणी आजीकडं. मलाही लिहिताना लाज वाटली. पण सामान आलं नसतं तर सगळ्या शाळेचं नुकसान होतं, म्हणून लिहिली."

मी दप्तरावरचं लेबल बघत राहिले.

"आमच्यात भाचीचा मामाच्या घरावर हक्क असतो," ते म्हणाले. "ती मागेल ते त्यानं द्यायचं. कोंबडी मागितली तर कोंबडी, होडी मागितली तर होडी. आज तुम्ही त्याच्या गावासमोर सांगितलंत की त्याची भाची गरीब आहे."

आमच्याकडेही मंगलाष्टकांच्या वेळी मुलीच्या पाठीशी मामा उभा राहतो. अण्णांचा हात धरून मी शेकडो लग्नांत ते पाहिलं होतं. मला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"फार रागावलेत का?"

"रागावला असता तर बरं झालं असतं. त्याला लाज वाटलीय. त्यानं प्रमुखांना निरोप दिलाय, मी यापुढं सभागृहात बसणार नाही. ती दुसऱ्या खांबाजवळची जागा त्याच्या वडिलांची होती."

मी तशीच उठून त्याच्या घरी गेले. तो घराबाहेर बसून नारळ खवत होता. आपल्या विळीच्या खवणीसारखंच लोखंडी दात्याचं पातं, फक्त बाकाला ठोकलेलं. भाची शेजारी बसून खवलेलं गोळा करत होती. मला बघून ती आत गेली.

"आय ॲम सॉरी," मी म्हटलं.

"नो वरीज," तो म्हणाला. हात थांबला नाही. मी थोडा वेळ उभी राहिले. त्यानं दुसरी वाटी घेतली.

गावात फोन लागत नसे. शाळेमागच्या टेकडीवर पाण्याच्या टाकीजवळ रेंज यायची. दुपारचे तीन वाजले होते, म्हणजे आमच्याकडे सकाळ. मी अण्णांना फोन लावला. ते चहा पीत होते, फुंकर ऐकू येत होती.

"बोला बेटावरचे पाहुणे! नारळ पाडले का नाही?"

"अण्णा, एक विचारू? माझ्या वह्यावाटपाच्या दिवशी तुम्ही वाजवायचं का थांबवलं होतं?"

"कधीचं काढतेस! ओठ फुटला असेल."

"अण्णा."

पलीकडे कप ठेवल्याचा आवाज आला.

"अगं, बाप समोर उभा आहे कोट घालून," ते म्हणाले, "आणि माईकवर सांगतायत याची पोर गरीब म्हणून. फुंकर येईल का? तोंडच कोरडं पडलं. मालक मागनं कोपर मारतोय, वाजव वाजव. मग तू पळत गेलीस. तुझे दात दिसत होते सगळे. म्हटलं, पोरगी खूश आहे, आपलं काय. वाजवलं."

"मला सांगायचं ना कधी."

"काय सांगायचं? वह्या परत देऊन येशील म्हणून? भारी शहाणी होतीस तू."

मग मी त्यांना सकाळचं सगळं सांगितलं. खोटा मेलही सांगितला. ते मधे एकदाच बोलले. "हनुवटी धरलीस?"

"हो."

 

"असं उभ्यानं दारात सॉरी म्हणून ते फिटत नाही," अण्णा म्हणाले. "चार लोकांत केलंस ना? मग चार लोकांत जाऊन बस. आणि साहेबीण होऊन बसू नकोस."

सात माणसं माझ्या हाताखाली होती आणि मी टाकीच्या सावलीत लहान मुलीसारखी रडत होते. आईनं फोन घेतला आणि विचारलं, "काय गं, ऊन बाधलं का?"

टेकडीवरून उतरून मी मास्तरांकडं गेले आणि विचारलं, इथं चार लोकांत माफी कशी मागतात. त्यांनी आधी मला नीट पाहून घेतलं. मग सांगितलं. कावाची मुळं लागतात, मोठी, वाळलेली. ती घेऊन सभागृहात जायचं. माफी मागणारा स्वतः बोलत नाही. खाली मान घालून बसतो. त्याच्या वतीनं दुसरा बोलतो. "तुमच्या वतीनं मी बोलेन," ते म्हणाले. गाडीवाला मुळं आणायला गेला. त्यानं एकदाही 'मी सांगितलं होतं' म्हटलं नाही.

"काय सांगू?" मास्तरांनी विचारलं. "तुम्ही काय केलंत, म्हणून सांगू?"

"गैरसमज झाला म्हणून सांगा."

"तसं सांगितलं तर ते विचारतील, कुणाचा?"

मग मला ते सगळं तोंडानं म्हणावं लागलं. मी यादी मागितली. तुम्ही दोनदा नको म्हणालात तरी मागितली. यादीशिवाय कंपनी सामान देणार नाही हे मी खोटं लिहिलं होतं. मुलगी वर बघत नव्हती तरी मी तिची हनुवटी धरली. तिचा मामा उठून गेला तरी मी पुढची नावं वाचली.

खोट्या मेलचं मास्तरांना तोवर माहीत नव्हतं. ते शाळेच्या नव्या पत्र्यांकडं बघत राहिले. ती यादी त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिली होती, माझ्या खोट्यावर विश्वास ठेवून. गावात त्यांनाही तोंड दाखवायचं होतं.

"हेही सांगू?"

"सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाव पुन्हा जमलं. दुसऱ्या खांबाजवळची जागा रिकामी होती. प्रमुखांनी मामाला आणायला माणूस पाठवला. तो आला, पण आपल्या जागी गेला नाही, दारातच, तरुण पोरांच्यात बसला. मी चटईच्या मधोमध मुळांची जुडी ठेवली आणि मागं सरून मान खाली घातली. मास्तर बोलायला लागले. भाषा कळत नव्हती, पण कुठं काय चाललंय ते कळत होतं. एके ठिकाणी सभागृहातून 'स्स' असा आवाज आला, तेव्हा मला समजलं की खोट्या मेलचं सांगून झालं. मी आयुष्यात बक्षिसं घ्यायला किती वेळा लोकांपुढं गेले असेन, पण अशी कधी बसले नव्हते. मान दुखायला लागली. वर केली नाही.

मास्तर थांबले. मुळं तशीच पडून. ती उचलली तर माफी, नाहीतर ती तिथंच राहणार. कुणीतरी खोकलं. बाहेर कोंबडा ओरडला. मी चटईची वीण मोजत होते, एक वर, एक खाली.

मग मामा काहीतरी बोलला. सगळे एकदम हसले, खदाखदा, म्हाताऱ्या बायकासुद्धा. मास्तरांनी मला हळूच सांगितलं, "तो विचारतोय, तुमच्या देशात मुलीची हनुवटी वर करून काय बघतात? दात?"

मी म्हटलं, "सांगा त्यांना, अक्कल नसलेली माणसं बघतात."

मास्तरांनी सांगितलं. पुन्हा हसू. मामा पुढं आला आणि त्यानं दोन्ही हातांनी जुडी उचलली. पोकळ हातांच्या टाळ्या झाल्या. प्रमुखांनी दप्तरं मागवली. दहा घरांतून दहा दप्तरं येऊन चटईवर पडली, मामानं परत केलेलं एक आणि उरलेली चार मी आणून ठेवली. लेबलं मी स्वतः बसून सोलली, ती निघता निघत नव्हती. मग प्रमुखांनी ती त्यांच्या पद्धतीनं वाटली. नाव कुणाचंच घेतलं नाही, नुसतं एकेका रांगेकडं सरकवत गेले. एक गावच्या नर्सबाईंना गेलं, एक चर्चच्या गाण्यांच्या पुस्तकांसाठी. त्या मुलीला मिळालं की नाही ते मी बघितलं नाही. चटई मात्र मामानं परत घेतली नाही. ती माझ्याकडंच राहायला हवी, असं सांगितलं.

त्या मुलीशी मी बोलायला हवं होतं. निघेपर्यंत तीन दिवस होते. आम्ही शाळा रंगवली, ती रोज समोरून जायची. मी रंगाचा ब्रश खाली ठेवला नाही. मामाची माफी मागायला गावाची रीत होती, तिची मागायला मला कुणी रीत सांगितली नाही, आणि मी विचारलीही नाही.

सिंगापूरला परत आल्यावर ऑफिसात सादरीकरण होतं. मी अकराही फोटो पुसून टाकले होते, कॅमेरेवालीला विचारून. ती म्हणाली, "वा, सो सीरियस, आह." मोठ्या साहेबांनी मुलांचे फोटो कुठं आहेत असं विचारलं. मी सांगितलं, का नाहीत ते. यादीचं, खोट्याचं, बोटाचं, सगळं. या वेळी कुणाचे डोळे भरून आले नाहीत. टेबलाभोवती कुणी कुणाकडं बघत नव्हतं. साहेब म्हणाले, "थँक यू फॉर शेअरिंग," आणि पुढचा विषय घेतला. घरी मुलीनंही विचारलं, "आई, फोटोज?" नाहीत म्हटल्यावर म्हणाली, "देन हाऊ दे नो यू वेन्ट?"

अण्णांनी मात्र विचारलं, "बसला का तो माणूस आपल्या जागी?" मला सांगता आलं नाही. त्या दिवशी दप्तरं वाटून होईपर्यंत तो दारातच बसला होता, आणि नंतरचे तीन दिवस सभा झाली नव्हती. मी मास्तरांना मेल केला आणि एवढंच विचारलं.

उत्तर यायला सहा आठवडे लागले. छप्पर पुरं झालं होतं, पावसात गळलं नव्हतं. शेहेचाळीस मुलांची शाळा आत भरत होती. मामा पहिल्याच सभेला येऊन दुसऱ्या खांबाजवळ बसला होता, आणि तेव्हापासून तिथंच बसतो.